मास्क स्वतःचा, बाकी भाड्याचं

दर वर्षी दिवाळी जवळ आली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'स्कूबा शिकायचं ठरवलंय, काय काय विकत घेऊ?' पावसाळ्यात बंद असलेलं तारकर्लीचं डायव्हिंग तेव्हा सुरू झालेलं असतं, कुणी गोव्याला निघालेलं असतं, कुणी अंदमानची तिकिटं काढून बसलेलं असतं. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक यादीही असते. तिच्यात सुरी असते, हातमोजे असतात, पाण्याखालची बॅटरी असते, कॅमेरा असतो. एका गृहस्थांच्या यादीत तर सिलिंडरही होता!

मी पुण्यात नवशिक्यांना तलावात स्कूबाचे पहिले धडे देते आणि मग त्यांना समुद्रावर घेऊन जाते. इतक्या वर्षांत या प्रश्नाचं माझं उत्तर फारसं बदललेलं नाही. मास्क स्वतःचा घ्या. पैसे उरले तर स्नॉर्केल आणि फिन्स घ्या. बाकी काही घेऊ नका. या उत्तरामागची कारणं आज जरा सविस्तर सांगते, कारण त्यात प्रश्न केवळ पैशांचा नाही. पाण्याखाली माणूस शांत राहतो की घाबरतो, हे पुष्कळदा या दोन-तीन साध्या वस्तूंवर ठरतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा गोव्याला ग्रँड आयलंडजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेऊन आणतात, तो अभ्यासक्रम नव्हे. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो, सगळी यंत्रणा तोच सांभाळतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. त्यासाठी काहीही विकत घ्यायची गरज नाही. अभ्यासक्रम म्हणजे तीन-चार दिवसांचं शिक्षण. थोडा अभ्यास पुस्तकातून, मग तलावात किंवा उथळ, शांत पाण्यात सराव आणि शेवटी समुद्रात चार बुड्या. तो पूर्ण केला की जास्तीत जास्त १८ मीटर खोलीपर्यंत, जोडीदाराबरोबर, स्वतःच्या जबाबदारीवर जाण्याचा परवाना मिळतो. जबाबदारी स्वतःची म्हटली की आपल्या अंगावर काय आहे आणि ते का आहे, हे कळायलाच हवं.

स्कूबाच्या सामानाचे दोन भाग पडतात. पहिला भाग श्वासाचा आणि तरंगण्याचा. त्यात पाठीवरचा सिलिंडर, त्यातली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर, हवा भरून किंवा सोडून पाण्यात वर-खाली होता यावं म्हणून घालायचं जाकीट आणि कमरेची शिशाची वजनं येतात. हे सगळं अभ्यासक्रमाच्या फीमध्ये केंद्राकडून मिळतं. जाता जाता एक गैरसमज दूर करते. वर्तमानपत्रांतसुद्धा पुष्कळदा 'ऑक्सिजनचा सिलिंडर' असं छापून येतं. त्या सिलिंडरमध्ये आपण आत्ता घेतो आहोत तीच साधी हवा असते, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि सुमारे २०० पट दाबाने भरलेली. निव्वळ ऑक्सिजन पाच-सहा मीटरच्या खाली शरीराला घातक ठरू शकतो.

हे सामान महाग असतं. रेग्युलेटर वेळच्या वेळी उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून घ्यावा लागतो. वर्षातून एकदा चार दिवस समुद्रावर जाणाऱ्याने तो विकत घेतला, तर एरवी तो कपाटात पडून राहणार आणि त्याच्या देखभालीचा खर्च मात्र चुकणार नाही. शिवाय पहिल्या अभ्यासक्रमापर्यंत आपल्याला नेमकं काय सोयीचं, हे कळलेलंच नसतं. तेव्हा हा भाग निःशंकपणे भाड्याचा वापरावा.

दुसरा भाग आपल्या शरीराला बिलगून बसणाऱ्या वस्तूंचा. मास्क चेहऱ्याला, फिन्स पावलांना, वेटसूट सगळ्या अंगाला. इथे किमतीपेक्षा माप महत्त्वाचं. माझ्या चेहऱ्याला चपखल बसणारा मास्क तुमच्या चेहऱ्यावर पाणी धरणार नाही. म्हणूनच या भागात स्वतःच्या वस्तूला अर्थ आहे आणि त्यात पहिला मान मास्कचा.

मास्क लागतो कशाला? आपले डोळे हवेत बघण्यासाठी घडलेले आहेत. उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळं पुसट दिसतं. डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा ठेवला की चित्र स्पष्ट होतं. मात्र पाण्यातून काचेमार्फत हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू साधारण एकतृतीयांशाने मोठी आणि एकचतुर्थांशाने जवळ दिसते. समुद्रातून वर आलेला माणूस माशाची लांबी हाताने दाखवतो तेव्हा तो अगदीच थापा मारत नसतो!

पण हवेचा हा कप्पा आला की दाबाचा प्रश्न येतो. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. म्हणजे खाली जाताना मास्कमधली हवा आक्रसते, मास्क चेहऱ्यावर आवळला जातो आणि डोळे ओढल्यासारखे वाटतात. उपाय सोपा आहे. नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडायची. त्यासाठी नाक मास्कच्या आत असलं पाहिजे. पोहण्याचा चष्मा स्कूबाला चालत नाही, तो याचसाठी. त्यात नाक बाहेर राहतं, हवा सोडायला वाटच नसते आणि डोळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. उथळ पाण्यात मासे बघण्यासाठी हल्ली पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मिळतात, तेही स्कूबासाठी नाहीत. त्यात ना नाक चिमटीत धरता येतं, ना तोंडात रेग्युलेटर धरता येतो.

आता दुकानात मास्क कसा पारखायचा ते सांगते. पट्टा मागे न लावता, पुढे आणून काचेवर ठेवा. कपाळावरचे केस मागे सारा. मान वर करून मास्क चेहऱ्यावर अलगद ठेवा आणि दाबू नका. कडेची सिलिकॉनची झालर सगळीकडे त्वचेला टेकली आहे का, हे कुणाला तरी बघायला सांगा. मग नाकाने हलकासा श्वास आत घ्या आणि मान सरळ करून हात सोडा. नाकाने आणखी श्वास न घेता मास्क जागेवर राहिला, तर तो तुमच्या चेहऱ्याचा. सावकाश निसटत असेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे आणि जिथून हवा शिरते तिथून पाणी शिरणारच.

ही परीक्षा एवढ्यावर थांबवू नका. तोंडात स्नॉर्केलचं टोक धरून तीच पुन्हा करा, कारण ते धरलं की गाल आणि वरचा ओठ यांची ठेवण बदलते. मग नाकाची जागा बाहेरून दोन बोटांनी चिमटीत धरून बघा. खाली जाताना कानांतला दाब सारखा करण्यासाठी हे वारंवार करावं लागतं. काच कपाळाला किंवा नाकाच्या दांडीला टोचते का, तेही तपासा. दुकानात पाच मिनिटांत जे टोचतं ते पाण्यात अर्ध्या तासाने डोकेदुखी होतं. काच टेम्पर्ड आहे असं काचेवरच छापलेलं असतं, ते वाचा. अशी काच फुटलीच तर तिचे धारदार तुकडे होत नाहीत. झालर मऊ सिलिकॉनची हवी. स्वस्त संचांमध्ये ती कडक प्लॅस्टिकची असते आणि काचेच्या जागीही प्लॅस्टिकच असतं. एका काचेचा की दोन काचांचा, काळ्या झालरीचा की पारदर्शक, रंग कोणता, हा आवडीचा भाग. चेहऱ्याला बसणाऱ्या दोन-तीन मास्कांतून निवडताना या गोष्टी बघा, आधी नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असं वाटेल. एक अनुभव सांगते. पन्नाशीच्या आसपासच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई शिकायला आल्या होत्या. पोहणं उत्तम, उत्साह दांडगा. येताना भाच्याचा मास्क घेऊन आल्या. 'मॅडम, चांगल्यातला आहे, त्याने परदेशातून आणलाय,' म्हणाल्या. मास्क खरंच चांगला होता, पण त्या भाच्याच्या रुंद चेहऱ्यासाठी. उथळ पाण्यात थेंब थेंब पाणी येत होतं ते त्यांनी रेटून नेलं. तलावाच्या साडेतीन मीटर खोल टोकाला गेल्यावर पाणी नाकपुड्यांपर्यंत चढलं. त्यांनी सवयीने नाकाने श्वास घेतला, नाकात पाणी गेलं, ठसका लागला. डोळे मोठे झाले आणि श्वास रोखून त्या वर झेपावल्या. मी शेजारीच होते. जाकिटाला धरून त्यांना थांबवलं, डोळ्यांत बघून 'श्वास सोडा' अशी खूण केली. त्यांनी बुडबुडे सोडले, दोन-चार श्वास घेतले आणि मग आम्ही दोघी सावकाश वर आलो.

स्कूबाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. साडेतीन मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत सुमारे एकतृतीयांशाने फुगते. श्वास रोखून वर धावलं तर या फुगण्याला जागा मिळत नाही आणि फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. त्यासाठी खोल समुद्र लागत नाही, तलावाची खोलीसुद्धा पुरते. मास्कमध्ये पाणी येणं ही धोक्याची गोष्ट नाही. ते नाकाने फुंकून बाहेर काढायला आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. पण जिथे श्वास घेण्याची रीतच नवी आहे, तिथे नाकाशी सतत चाळवणारं पाणी माणसाचा धीर खातं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी आमच्याकडचे सहा मास्क लावून बघितले. चौथा बसला. किंमत भाच्याच्या मास्कच्या निम्मी असेल. तोच लावून त्यांनी पुढे समुद्रातल्या चारही बुड्या पूर्ण केल्या.

मास्क बसला की श्वास शांत होतो, आणि श्वास शांत झाला की हवा पुरते. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे २,२०० लिटर हवा मावते. नवशिका माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल, तर दहा मीटरवर दाब दुप्पट असल्याने त्याच्या एका मिनिटाला ४० लिटर खर्ची पडतात. शिल्लक राखून हिशेब केला तर चाळीस मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. धास्तावलेला माणूस तीच हवा वीस-पंचवीस मिनिटांत संपवतो आणि त्याच्यामुळे जोडीदारालाही वर यावं लागतं.

मास्कसंबंधी आपल्याकडे हमखास येणाऱ्या दोन अडचणी आहेत. पहिली मिशांची. सिलिकॉनची झालर केसांवर नीट चिकटत नाही आणि केसांच्या वाटेने पाणी आत झिरपतं. कोल्हापूरकडच्या एका विद्यार्थ्याच्या मिशा पाहूनच मला घाम फुटला होता. मिशा काढा असं मी कुणालाही सांगत नाही. नाकाच्या लगेच खालची, दिसेल न दिसेल इतकी अरुंद पट्टी तेवढी भादरायची. काही जण मिशीला सिलिकॉनचं वंगण लावतात. पेट्रोलियम जेली मात्र टाळावी. झालर सिलिकॉनची आहे असं आपण धरून चालतो, पण एखादी रबराची निघाली तर ती या जेलीने खराब होते.

दुसरी अडचण चष्म्याची. चष्म्याच्या काड्या झालरीखाली आल्या की मास्क गळणारच. नंबर अगदी थोडा असेल, तर पाण्यात सगळं मोठं दिसत असल्याने बऱ्याच जणांचं चष्म्याशिवाय भागतं. नंबर जास्त असेल तर नंबराच्या काचा बसवलेला मास्क मिळतो. दोन काचांच्या काही मास्कांमध्ये अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने तयार काचा बसवता येतात, आणि डाव्या-उजव्या डोळ्यांचे नंबर वेगळे असले तरी चालतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी प्रशिक्षकाला तसं सांगावं, कारण अभ्यासक्रमात पाण्याखाली मास्क काढून पुन्हा घालावा लागतो. तेव्हा डोळे मिटले नाहीत तर लेन्स वाहून जाते. चाळिशी लागलेल्यांना मासे दिसतात, पण हातातल्या दाबमापकावरचे आकडे दिसत नाहीत. काचेच्या खालच्या भागात आतून चिकटवायची छोटी भिंगं मिळतात, ती उपयोगी पडतात.

नवा मास्क आणल्यावर एक काम विसरू नका. कारखान्यातून येताना काचेवर आतून एक पातळ थर बसलेला असतो. त्यामुळे पाण्यात काच सारखी धुरकटते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने काचेच्या आतल्या बाजूला घासून धुवायची, दोन-चार वेळा. काचेवर खास लेप असेल तर मात्र सोबतचं माहितीपत्रक आधी वाचावं. त्यानंतर प्रत्येक बुडीआधी काचेला आतून थुंकी चोळून खळबळून घ्यायची. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण जगभर हाच उपाय चालतो. नको असेल त्यांनी लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब पाण्यात मिसळून वापरावा. स्वतःचा मास्क घेण्याला हेही एक कारण आहेच!

आता स्नॉर्केल. ही तोंडात धरायची वाकडी नळी. पृष्ठभागावर तोंड पाण्यात ठेवून पोहताना सिलिंडरमधली हवा वाचते. साधी, मऊ टोकाची, फूट-सव्वा फूट लांबीची नळी पुरते. जुन्या चित्रपटांत नायक बोरूची नळी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपून बसतो, ते खरं नाही. एक मीटर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जास्तीचा भार पडतो. वरून नळीवाटे येणारी हवा मात्र साध्याच दाबाची असते. एवढा भार पेलून फुप्फुसं फार वेळ फुगवणं छातीच्या स्नायूंना जमत नाही. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा अडकून पुन्हा आत येते. जितकी खोली तितक्याच दाबाची हवा तोंडात देणारी झडप झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केली, तेव्हा कुठे आजच्या स्कूबाची वाट मोकळी झाली. तेव्हा स्नॉर्केलवर फार खर्च नको. त्यात जितके सुटे भाग कमी, तितका तो बिघडायचा कमी.

फिन्स म्हणजे पायात घालायचे पंख. पोहताना आपण हातांनी पाणी मारतो, स्कूबात हात स्वस्थ ठेवायचे असतात. सगळी ताकद पायांची. फिन्सचे दोन प्रकार आहेत. एकात पूर्ण पाऊल बुटासारखं आत जातं, अनवाणी घालायचे. दुसऱ्यात टाच उघडी असते, मागे पट्टा असतो आणि आत निओप्रीनचे बूट घालावे लागतात. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, होडीतून उतरायचं असेल तर पहिला प्रकार हलका आणि स्वस्त पडतो. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं असेल, तर दुसरा बरा.

फिन्सचं माप ओल्या पायाने बघावं, शक्य नसेल तर निदान बसून घालून बघावं. बोटं हलली पाहिजेत, पण पाऊल वर-खाली केल्यावर टाच निसटता कामा नये. घट्ट फिन्सने पावलात गोळा येतो, सैल फिन्सने पाय सोलवटतो. पात्याचा कडकपणा आपल्या पायांच्या ताकदीप्रमाणे निवडावा. विक्रेते लांब, कडक पाती दाखवतात आणि त्यांनी वेग येतो असं सांगतात. वेग येतो, पण चालण्याचीही सवय नसलेल्या माणसाच्या पोटरीत दहाव्या मिनिटाला गोळाही येतो. मध्यम लांबीची, मध्यम लवचिक पाती नवशिक्याला पुरेशी. अंदमानला विमानाने जाणाऱ्यांनी सामानाच्या १५ किलोंचा आणि बॅगेच्या लांबीचाही विचार करावा. मास्क मात्र कडक डबीत घालून जवळच्या पिशवीत ठेवावा.

राहिला वेटसूट. नावाप्रमाणेच तो अंग कोरडं ठेवत नाही. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता खेचून घेतं, म्हणून २८ अंशांच्या पाण्यातही पाऊण तासाने हुडहुडी भरते. वेटसूटचं निओप्रीन म्हणजे वायूचे असंख्य बारीक बुडबुडे अडकलेलं रबर. माणूस ओला असला तरी ऊब टिकते, कारण ती या बुडबुड्यांमुळे टिकते, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या लक्षात आलं आणि त्यातून हा सूट जन्माला आला. कोकण, गोवा, अंदमान इथे तीन मिलिमीटर जाडीचा सूट बहुतेकांना पुरतो. गंमत अशी की डिसेंबरात पुण्यातल्या उघड्या तलावाचं पाणी समुद्रापेक्षा थंड असतं. म्हणजे अभ्यासक्रमातली सगळ्यांत मोठी थंडी तलावातच वाजते.

सूट अंगासरशी हवा. बगलेत, कमरेपाशी, पाठीच्या खळग्यात फुगा राहिला तर त्यातून पाणी खेळत राहतं आणि ऊब निघून जाते. पण छातीवर इतका घट्टही नको की खोल श्वास घेता येणार नाही. भाड्याच्या सुटांत बायकांची मापं कमी असतात, हा माझा नेहमीचा अनुभव. पुरुषी बेताचा सूट खांद्यात सैल आणि कमरेखाली तंग होतो. काही बायका केवळ तो घालून लोकांसमोर यायच्या संकोचाने शिकायचंच टाळतात. त्यांना मी सांगते, की आत पोहण्याचा साधा पोशाख घाला आणि सुटावरून सैल टी-शर्ट चढवा, काहीही बिघडत नाही. पहिल्या अभ्यासक्रमाला भाड्याचाच सूट वापरावा. त्याचा पूर्वेतिहास मात्र विचारू नये! ज्यांना ते जमत नाही त्यांनी आत घालायला अंगभर लायक्राचा पातळ पोशाख घ्यावा. तो उन्हापासून आणि जेलीफिशच्या डंखापासूनही वाचवतो.

आता यादीतून काय काढून टाकायचं ते सांगते. कानातली बुचं सगळ्यांत आधी काढा. कानात पाणी जाईल या भीतीने लोक ती घेतात. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो आणि तो बूच आत ढकलतो. बूच आणि पडदा यांच्यामधल्या हवेचा दाब आपल्याला सारखा करता येत नाही, त्यामुळे पडद्याला इजा होऊ शकते. हातमोजेही नकोत. मोजे घातले की हात आपोआप प्रवाळाला धरू पाहतो. भारतात खडक रचणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा परिसर तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे कशालाही हात लावायचा नसतो. सुरी नको. कॅमेराही नको, कारण शिकताना दोन्ही हात आणि सगळं लक्ष मोकळं हवं.

भाड्याचं सामान वापरायचं म्हणजे डोळे मिटून वापरायचं नव्हे. रेग्युलेटर तोंडात धरायची जागा फाटलेली नाही ना, नळ्यांना भेगा नाहीत ना, जाकिटात भरलेली हवा टिकते ना, हे बघावं. सिलिंडर उघडल्यावर दाबमापकाकडे बघत बघत चार-पाच श्वास घ्यावेत. काटा श्वासागणिक थरथरत असेल, तर सिलिंडर पुरता उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल तर तो सिलिंडर परत करावा. रेग्युलेटर शेवटचा कधी दुरुस्तीला उघडला होता, हे खुशाल विचारावं. चांगल्या केंद्रात या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. राग आला, तर दुसरं केंद्र शोधावं.

आणि सामानाच्याही आधी आपलं शरीर. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, फिट्स यांपैकी काही असेल तर प्रकृतीच्या अर्जात ते लपवू नका, डॉक्टरांचा सल्ला आणि लेखी परवानगी घ्या. सर्दी झाली असेल तर बुडी पुढे ढकला. चोंदलेल्या नाकाने कानांचा दाब सारखा होत नाही आणि त्यावर कोणत्याही दुकानात वस्तू मिळत नाही.

आणलेलं सामान टिकवणं सोपं आहे. प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हाने सिलिकॉन आणि निओप्रीन दोन्ही खराब होतात. वेटसूट घोंगडीसारखा पिळू नये, रुंद हँगरवर टांगावा. फिन्स उभे केले की पाती वाकतात, म्हणून आडवे ठेवावेत. पारदर्शक मास्क काळ्या रबराला लागून ठेवला तर त्यावर डाग चढतात. एवढं सांभाळलं तर चांगला मास्क कितीतरी वर्षं साथ देतो. अभ्यासक्रम झाला, गोडी लागली आणि वर्षातून दोन-तीनदा जाणं होऊ लागलं की पुढची खरेदी स्वतःचा सूट, मग मनगटावरचा खोली-वेळ मोजणारा संगणक, आणि रेग्युलेटर सगळ्यांत शेवटी, अशा क्रमाने करावी.

शेवटी एक घरचा अभ्यास. मास्क आणि स्नॉर्केल आणलं की समुद्राची वाट बघू नका. एखादी मोठी बादली किंवा जुनं घंगाळ पाण्याने भरा. पहिल्या दिवशी मास्क लावून, स्नॉर्केल तोंडात धरून चेहरा पाण्यात ठेवा आणि सावकाश शंभर श्वास घ्या. हे जमलं की दुसऱ्या दिवशी मास्क काढून ठेवा, फक्त स्नॉर्केल धरा आणि चेहरा पाण्यात ठेवून तोंडाने श्वास घ्या. नाकाला पाणी लागलेलं असताना तोंडाने श्वास घ्यायची ही सवय पहिल्यांदा फार विचित्र वाटते. दोन श्वासांत मान वर येईल. येऊ द्या, आणि पुन्हा खाली घाला. आठवडाभरात वीस-तीस श्वास सलग जमू लागतात. जो हे घरी करून येतो, त्याच्या मास्कमध्ये पुढे समुद्रात पाणी शिरलं तरी तो वर धावत नाही. थांबतो, नाकाने फुंकून पाणी काढतो आणि पुढे पोहायला लागतो.